दुसरा डाव

इ. स. १९९१ च्या नोव्हेंबर महिन्याची ७ तारीख होती. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला लागून असलेल्या इंगलवूड येथील ‘फोरम’ या भव्य क्रीडागृहात त्या दिवशी बास्केटबॉलचा सामना नव्हता. तरीही वार्ताहर, छायाचित्रकार आणि दूरचित्रवाणीचे प्रतिनिधी यांची तेथे एकच दाटी झाली होती. थोड्या वेळाने बत्तीस वर्षांचा एक उंचापुरा तरुण ध्वनिक्षेपकासमोर येऊन उभा राहिला. एरवी त्याचे आगमन होताच टाळ्यांचा कडकडाट होई. आज मात्र सर्वत्र शांतता होती. त्याने स्थिर आवाजात सांगितले, की आपल्या रक्तात एचआयव्ही या विषाणूचा संसर्ग आढळला असून त्यामुळे आजपासून आपण खेळातून निवृत्त होत आहोत. आपल्याला एड्स हा रोग झालेला नाही, तर तो रोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूचा संसर्ग झालेला आहे, हा भेदही त्याने स्पष्ट केला. आपली पत्नी निरोगी आहे, हेही त्याने सांगितले. आणि यापुढे या विषाणूविषयी लोकांना, विशेषतः तरुणांना, सावध करण्याचे काम आपण करू, असे वचन देऊन तो हसला.

तो तरुण म्हणजे बास्केटबॉलच्या खेळातील त्या काळचा अत्यंत लोकप्रिय खेळाडू अर्व्हिन जॉन्सन होय. सारे जग त्याला ‘मॅजिक’, म्हणजे ‘जादू’, या नावाने ओळखत असे. त्या दिवशी ती वार्ता ऐकणाऱ्या बहुतेकांना वाटले, की आता हा गुणी खेळाडू थोड्याच वर्षांचा सोबती आहे. त्या काळी या संसर्गाचा अर्थ तसाच समजला जाई. परंतु जॉन्सनच्या आयुष्याचा एक डाव जेथे संपला, तेथेच दुसरा डाव सुरू झाला. आणि या दुसऱ्या डावातही त्याचा पहिल्या डावातील गुणच त्याच्या उपयोगी पडला. तो गुण कोणता, हे कळण्यासाठी त्याच्या पूर्वायुष्याकडे वळले पाहिजे.

बास्केटबॉल हा खेळ तसा अर्वाचीन आहे. इ. स. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने तो शोधून काढला. हिवाळ्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांना चार भिंतींच्या आत खेळता यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. त्याने पीच नावाची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या दोन टोकांना उंचावर टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याची स्पर्धा लावली. यावरूनच या खेळाला ‘बास्केटबॉल’, म्हणजे टोपलीचेंडू, असे नाव मिळाले. पुढे हा खेळ अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला आणि व्यावसायिक संघांच्या सामन्यांना हजारो प्रेक्षक लोटू लागले.

अर्व्हिन जॉन्सनचा जन्म १४ ऑगस्ट १९५९ रोजी मिशिगन राज्यातील लॅन्सिंग या गावी झाला. घर मुलाबाळांनी भरलेले आणि परिस्थिती बेताची. वडील मोटारींच्या कारखान्यात काम करीत आणि उरलेल्या वेळात गावातील कचरा वाहून नेण्याचा धंदा सांभाळीत. आई शाळेत साफसफाईचे काम करी. अर्व्हिन वडिलांच्या कचऱ्याच्या गाडीवर त्यांना मदत करण्यास जाई. तेव्हा शेजारची मुले त्याला ‘कचरेवाला’ म्हणून चिडवीत. वडिलांचे अपार कष्ट रोज डोळ्यांसमोर असल्याने त्या चिडवण्याचे त्याने फारसे मनावर घेतले नाही. बास्केटबॉलचे मात्र त्याला वेड होते. दुकानातून काही आणावयास सांगितले, तर जाताना उजव्या हाताने आणि येताना डाव्या हाताने तो चेंडू आपटीत जाई. रात्री तो चेंडू जवळ घेऊनच झोपत असे.

घराजवळच्या शाळेत बहुतेक विद्यार्थी त्याच्यासारखेच कृष्णवर्णीय होते व तेथील बास्केटबॉलचा संघही नामांकित होता. अर्व्हिनला त्याच शाळेत जावयाचे होते. परंतु वर्णभेद नाहीसा व्हावा म्हणून काही मुलांना दूरच्या शाळांत पाठविण्याचे धोरण त्या वेळी आखण्यात आले होते. त्यामुळे त्याला एव्हरेट हायस्कूल या, गौरवर्णीय विद्यार्थ्यांचे प्राबल्य असलेल्या शाळेत जावे लागले. पहिल्या सरावाच्या दिवशी संघातील एकाही मुलाने त्याच्याकडे चेंडू टाकला नाही. सगळे त्याला टाळूनच खेळत राहिले. मैदानावर उभे असूनही आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, हा अनुभव त्या कोवळ्या वयात त्याला आला. त्याचा राग अनावर झाला. परंतु हळूहळू त्याने सर्वांची मने जिंकली आणि तो शाळेतील मुलांचा पुढारी बनला. १९७७ मध्ये याच शाळेच्या संघाने राज्याचे अजिंक्यपद मिळविले. आपल्याकडे चेंडू न टाकणाऱ्या शाळेला त्याने सर्वांकडे चेंडू टाकण्याचे शिक्षण दिले, असे म्हटले तरी चालेल.

‘मॅजिक’ हे नाव त्याला याच काळात मिळाले. पंधरा वर्षांच्या या मुलाने एका सामन्यात ३६ गुण मिळविले, १८ वेळा परत उसळलेला चेंडू हस्तगत केला आणि १६ वेळा सोबत्यांना गुण मिळवून दिले. तो खेळ पाहून गावातील एका वृत्तपत्राच्या क्रीडावार्ताहराला ‘जादू’ हा एकच शब्द सुचला. अर्व्हिनच्या धर्मनिष्ठ आईला हे नाव पसंत पडले नाही. परंतु लोकांच्या तोंडी ते कायमचे बसले.

त्या जादूचे रहस्य काय होते? या खेळात जो चेंडू टोपलीत टाकतो, त्याच्या नावावर गुण चढतात आणि प्रेक्षकांच्या टाळ्याही बहुधा त्यालाच मिळतात. परंतु चेंडू त्याच्या हाती योग्य क्षणी आणून देणारा खेळाडूही तितकाच महत्त्वाचा असतो. असा जो पास गुणास कारणीभूत होतो, त्याला ‘असिस्ट’ म्हणतात. जॉन्सन या विद्येत अद्वितीय होता. त्याची उंची सहा फूट नऊ इंच होती. एवढे उंच खेळाडू सहसा टोपलीजवळ उभे राहतात, आणि चेंडू पुढे नेऊन डाव रचण्याचे काम बुटक्या, चपळ खेळाडूंकडे असते. जॉन्सनने हा संकेत मोडला. उंचीमुळे त्याला सारे मैदान दिसे आणि चपळाईमुळे तो कोठेही पोहोचे. तो पाही एकीकडे आणि चेंडू टाकी दुसरीकडे. प्रतिपक्षाचे खेळाडू त्याच्या नजरेमागे धावत आणि तेवढ्यात चेंडू मोकळ्या असलेल्या सोबत्याच्या हाती गेलेला असे. व्यावसायिक कारकिर्दीत त्याने १०,१४१ वेळा सोबत्यांना अशा प्रकारे गुण मिळवून दिले. दर सामन्यामागे अशा पासांची त्याची सरासरी ११.२ भरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या इतिहासात याहून मोठी सरासरी दुसऱ्या कोणाचीही नाही.

१९७९ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिल्यावर तो ‘लॉस एंजेलिस लेकर्स’ या व्यावसायिक संघात दाखल झाला. पहिल्याच वर्षी त्याची कसोटी लागली. १९८० च्या अंतिम मालिकेत लेकर्सची गाठ फिलाडेल्फियाच्या संघाशी पडली. सहाव्या सामन्याच्या वेळी लेकर्सचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे मैदानात उतरू शकला नाही. तेव्हा वीस वर्षांचा जॉन्सन त्याच्या जागी मध्यस्थानी उभा राहिला. त्या सामन्यात त्याने ४२ गुण मिळविले, १५ वेळा उसळता चेंडू पकडला आणि ७ वेळा सोबत्यांना गुण मिळवून दिले. लेकर्सने १२३ विरुद्ध १०७ गुणांनी सामना जिंकून अजिंक्यपद पटकावले.

त्याचा मार्ग अगदी निष्कंटक मात्र नव्हता. बोस्टनच्या संघातील लॅरी बर्ड हा त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. १९८४ च्या अंतिम मालिकेत निर्णायक प्रसंगी जॉन्सनच्या हातून चुका घडल्या, लेकर्सचा पराभव झाला आणि लोकांनी त्याची टरही उडविली. पुढच्याच वर्षी लेकर्सने त्याच बोस्टनच्या संघाला नमवून त्या पराभवाची भरपाई केली. त्याच सुमारास एका जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी जॉन्सन बर्डच्या गावी गेला असता बर्डच्या आईने त्याला जेवू घातले, आणि तेथून दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या निकट मैत्रीला आरंभ झाला. १९८०, १९८२, १९८५, १९८७ आणि १९८८ अशी पाच अजिंक्यपदे लेकर्सने जॉन्सनच्या काळात मिळविली. १९८७, १९८९ आणि १९९० या वर्षी तो संघटनेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

कीर्तीच्या या शिखरावर असतानाच १९९१ चा ऑक्टोबर महिना उजाडला. आयुर्विम्यासाठी म्हणून जॉन्सनची वैद्यकीय तपासणी झाली होती. सरावाच्या एका सामन्यासाठी तो सॉल्ट लेक सिटी या गावी गेला असता संघाच्या डॉक्टरांनी त्याला दूरध्वनीवरून तातडीने परत बोलाविले. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्याला कळले, की आपल्या रक्तात एचआयव्ही विषाणू आहे. त्याचा विवाह होऊन अवघे दीड महिना झाला होता आणि त्याची पत्नी गरोदर होती. स्वतःच्या जिवापेक्षाही पत्नीची आणि जन्मास येणाऱ्या बालकाची चिंता त्याला अधिक जाळू लागली. पत्नीच्या रक्ततपासणीचा निर्णय येईपर्यंतचे दिवस त्या दोघांनी कसे काढले असतील, याची कल्पनाच करावी. सुदैवाने पत्नीला संसर्ग झालेला नव्हता, आणि पुढे १९९२ मध्ये जन्मलेला मुलगाही निरोगी निघाला.

या विषाणूचे नाव काढताच लोकांचा थरकाप का होई, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. एड्सच्या रुग्णांची पहिली वैद्यकीय नोंद १९८१ च्या जून महिन्यात झाली. आणि ते रुग्ण लॉस एंजेलिसमधीलच होते. रोगास कारण होणारा विषाणू १९८३ मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी शोधून काढला. हा विषाणू रक्तातील विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी म्हणजे शरीराच्या किल्ल्यावरील पहारेकरीच होत. पहारेकरी एकेक करून नाहीसे झाले, की एरवी सहज परतवून लावता येणारे किरकोळ शत्रूही किल्ल्यात शिरतात आणि शरीर नाना रोगांना बळी पडते. या अवस्थेला एड्स असे म्हणतात. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि संसर्ग असलेल्या मातेकडून बालकाकडे, असे या विषाणूच्या प्रसाराचे मार्ग आहेत. हस्तांदोलन केल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा एकत्र खेळल्याने तो पसरत नाही.

शास्त्रज्ञांना हे कळून चुकले होते; परंतु समाजाच्या मनातील भीती शास्त्राचे ऐकण्यास तयार नव्हती. इंडियाना राज्यातील रायन व्हाईट या मुलाची कहाणी याची साक्ष देते. त्याला जन्मतःच रक्त न गोठण्याचा विकार होता. त्यावरील औषध मानवी रक्तापासून बनवीत, आणि अशा दूषित औषधातून त्याला हा संसर्ग झाला. १९८५ मध्ये, तेरा वर्षांच्या या मुलाला शाळेने प्रवेश नाकारला. न्यायालयात झगडून तो वर्गात परतला, तेव्हा काही पालकांनी आपल्या मुलांना त्या शाळेतून काढून घेतले. पुढे त्याचे कुटुंब दुसऱ्या गावी राहण्यास गेले. तेथील शाळेने आधी विद्यार्थ्यांना या रोगाची शास्त्रीय माहिती दिली होती; आणि रायन शाळेत आला, तेव्हा मुलांनी त्याच्याशी हस्तांदोलन करून त्याचे स्वागत केले. एकाच राज्यातील दोन शाळांच्या वागणुकीत एवढा फरक पडला, तो ज्ञानामुळे. रायन १९९० च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी मरण पावला.

अशा काळात जॉन्सनने सत्य लपविले असते, तर ते अस्वाभाविक ठरले नसते. दुखापतीचे निमित्त सांगून त्याला निवृत्त होता आले असते. परंतु त्याने तसे केले नाही. एवढेच नव्हे, तर विवाहापूर्वीच्या आपल्या बेपर्वा वर्तनामुळे हा संसर्ग झाला, हेही त्याने पुढे आडपडदा न ठेवता मान्य केले. हा रोग काही विशिष्ट लोकांनाच होतो, आपल्यासारख्यांना होत नाही, अशी समजूत बाळगून असंख्य माणसे निष्काळजी राहिली होती. जॉन्सनच्या निवेदनाने ती समजूत एका दिवसात हादरली. या रोगाची माहिती देणाऱ्या केंद्रांचे दूरध्वनी अखंड खणखणू लागले आणि रक्ततपासणीसाठी लोकांच्या रांगा लागल्या. एका माणसाच्या प्रांजळपणामुळे कित्येकांना वेळीच सावध होण्याची संधी मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आपला आजार जगाला सांगण्याचा निर्णय जॉन्सनने स्वतः घेतला होता. प्रत्येक रुग्णाने तसे केलेच पाहिजे, असे कोणीही म्हणू शकत नाही. आणि दुसऱ्याच्या आजाराची वाच्यता करण्याचा अधिकार तर कोणालाही नाही.

लोकांची सहानुभूती जॉन्सनला लाभली. परंतु सहानुभूती वेगळी आणि विश्वास वेगळा. १९९२ च्या फेब्रुवारी महिन्यात ऑरलँडो येथे देशातील निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना भरणार होता. जॉन्सन निवृत्त झालेला असूनही प्रेक्षकांनी मते देऊन त्याची निवड केली. काही खेळाडूंना मात्र त्याच्याबरोबर खेळण्याची धास्ती वाटत होती आणि त्यांनी ती बोलूनही दाखविली. अखेर ९ फेब्रुवारीला तो मैदानात उतरला, तेव्हा प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी पुढे येऊन एकामागून एक त्याला आलिंगन दिले. तीन महिन्यांच्या खंडानंतरही त्याने २५ गुण मिळविले व ९ वेळा सोबत्यांना गुण मिळवून दिले. सामना संपण्यास थोडे क्षण उरले असता त्याने दुरून फेकलेला चेंडू अचूक टोपलीत पडला. साऱ्या खेळाडूंनी त्याला गराडा घातला, आणि काही सेकंद शिल्लक असूनही सामना तेथेच थांबला. डॉक्टरांनी अनेकदा सांगितलेली गोष्ट, म्हणजे स्पर्शाने हा विषाणू पसरत नाही हे सत्य, त्या दिवशी लक्षावधी लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बार्सिलोना येथील ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात जॉन्सन होता आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी लॅरी बर्डही होता.

या यशाने उत्तेजन मिळून जॉन्सनने पुन्हा व्यावसायिक सामने खेळण्याचे ठरविले. परंतु भीती अद्याप मेली नव्हती. मैदानात खरचटले आणि रक्त आले तर काय, असा प्रश्न काही नामवंत खेळाडू उघडपणे विचारू लागले. वास्तविक खेळताना असा संसर्ग होण्याची शक्यता अत्यल्प होती. ऑक्टोबरच्या अखेरीस सरावाच्या एका सामन्यात जॉन्सनच्या हातावर खरोखरच एक लहानसा ओरखडा उठला. क्षणार्धात सारे क्रीडागृह चिडीचूप झाले. संघाचे प्रशिक्षक-वैद्यक गॅरी व्हिटी यांनी हातमोजे न घालताच त्या जखमेवर पट्टी बांधली. आपण हातमोजे घातले, तर खेळाडूंच्या मनातील भीतीला दुजोरा मिळेल, हे त्यांनी ओळखले होते. पण सहकाऱ्यांच्या डोळ्यांतील शंका जॉन्सनने पाहिली. ज्या खेळाने आपल्याला आनंद दिला, तो खेळ इतरांना भीत भीत खेळावा लागू नये, म्हणून १९९२ च्या नोव्हेंबरच्या आरंभी त्याने पुन्हा निवृत्ती पत्करली. एके काळी शाळेतील मुलांनी त्याच्याकडे चेंडू टाकला नव्हता. आता त्याच्याकडून चेंडू घेण्याचे भय लोकांना वाटू लागले होते. त्याच्या आयुष्यातील हा पराभव कोणत्याही अंतिम सामन्यातील पराभवाहून अधिक जिव्हारी लागणारा होता.

तथापि तो स्वस्थ बसला नाही. १९९१ मध्येच त्याने एड्सविषयी जागृती करण्यासाठी एका प्रतिष्ठानाची स्थापना केली होती. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला एड्सविषयक राष्ट्रीय आयोगाचा सभासद नेमले होते. परंतु शासन या कामी पुरेसा पैसा व आस्था दाखवीत नाही, असे दिसून येताच १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्याने त्या पदाचा राजीनामा दिला. शाळाशाळांतून, प्रार्थनामंदिरांतून आणि रुग्णालयांतून तो बोलत राहिला. त्याने पाहिले, की कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांत रोगाविषयीचे अज्ञान तर आहेच, परंतु उद्योगधंदेही तेथे येण्यास नाखूष असतात. म्हणून त्याने १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या अशाच एका भागात चित्रपटगृहे उभारली व तेथील लोकांना रोजगार मिळवून दिला. पुढे हा व्याप वाढला आणि एक यशस्वी उद्योजक म्हणूनही त्याची गणना होऊ लागली.

चार वर्षे उलटली. त्या अवधीत जॉन्सन धडधाकट आहे, हिंडतो-फिरतो आहे, हे लोक पाहत होते. या रोगाविषयीची माहितीही सर्वत्र पसरत होती. १९९६ च्या ३० जानेवारीला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो पुन्हा लेकर्सच्या संघातून मैदानात उतरला. या वेळी बहुतेकांनी त्याचे मोकळ्या मनाने स्वागत केले. पहिल्याच सामन्यात त्याने १९ गुण मिळविले व १० वेळा सोबत्यांना गुण मिळवून दिले. त्या हंगामात तो ३२ सामने खेळला आणि मग त्याने समाधानाने निरोप घेतला. या वेळी त्याला खेळातून कोणी घालविले नव्हते. तो आपण होऊन गेला. या दोन निवृत्तींमधील अंतर म्हणजे समाजाने चार वर्षांत केलेली प्रगतीच होय.

त्याच वर्षी वैद्यकशास्त्रानेही मोठी झेप घेतली. तोपर्यंत या विषाणूवर एखाददुसरे औषध दिले जाई आणि विषाणू रूप पालटून त्याला चुकवीत असे. किल्ल्याचा एकच दरवाजा बंद केला, तर शत्रू दुसऱ्या दिंडीने आत शिरतो, तसाच हा प्रकार होता. मग निरनिराळ्या तऱ्हेने काम करणारी तीन औषधे एकाच वेळी दिली, तर विषाणूच्या सर्व वाटा अडविता येतात, असे संशोधकांना आढळून आले. १९९६ मध्ये व्हँकुव्हर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या उपचाराचे निष्कर्ष जगापुढे आले. या संशोधनातील एक अग्रणी डॉ. डेव्हिड हो यांच्याकडून जॉन्सननेही उपचार घेतले. या औषधांनी विषाणूचा समूळ नाश होत नाही. ती नियमाने आणि आजन्म घ्यावी लागतात. परंतु त्यांच्यामुळे रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके घटते, की साध्या तपासणीत तो सापडतही नाही, आणि रुग्ण दीर्घकाळ निरोगी जीवन जगू शकतो. आपण बरे झालेलो नसून आपला विषाणू केवळ ताब्यात आहे, हे जॉन्सन आवर्जून सांगत आला आहे. कारण त्याच्याकडे पाहून कोणी बेफिकीर व्हावे, हे त्याला नको आहे. शिवाय त्याला उत्तम वैद्य, पैसा आणि वेळ लाभला. औषध निघण्यापूर्वीच मृत्यू आलेल्या रायनसारख्यांना, आणि औषध निघूनही ते परवडत नव्हते अशा लक्षावधी गरिबांना, ते भाग्य लाभले नाही.

आपल्या देशातही या विषाणूची कहाणी ज्ञान आणि भय यांच्या झगड्याचीच आहे. भारतात हा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, उघडकीस आला. तो उघडकीस आणणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या चेन्नईतील गायतोंडे या महाराष्ट्रीय कुटुंबात जन्मलेल्या होत्या. पुढे त्यांनी मोठ्या रुग्णालयातील आपले पद सोडून, ज्यांना इतरत्र दारे बंद होती अशा रुग्णांसाठी उपचारकेंद्र काढले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून या रोगावरील औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला. २०१७ च्या कायद्याने तर अशा रुग्णाला शाळेत, नोकरीत वा रुग्णालयात वेगळे वागविण्यास मनाई केली आणि त्याच्या संमतीवाचून त्याचा आजार प्रकट करण्यासही बंदी घातली. परंतु कायदा शाळेचे दार उघडू शकतो. बाकावर शेजारी जागा करून देण्याचे काम शेजारच्या विद्यार्थ्यालाच करावे लागते.

२००२ मध्ये जॉन्सनचा समावेश बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात झाला. हे कीर्तिमंदिर, नेस्मिथने जेथे पहिल्या टोपल्या टांगल्या, त्या स्प्रिंगफील्ड गावीच आहे. त्या समारंभात त्याच्या बाजूला मानाने उभा राहिला तो त्याचा प्रतिस्पर्धी आणि मित्र लॅरी बर्ड. २०२५ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी ‘स्वातंत्र्यपदक’ हा आपल्या देशातील सर्वोच्च नागरी सन्मान जॉन्सनला अर्पण केला. त्या दिवशी फोरममध्ये ज्याचे थोडेच दिवस उरले असे लोकांना वाटले होते, तो तेहतीस वर्षांनंतर हे पदक स्वीकारण्यास ताठ मानेने उभा होता.

जॉन्सनने मिळविलेले गुण आणि पदके क्रीडाजगताच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. परंतु त्याची खरी थोरवी त्याच्या दानशील हातांत होती. मैदानावर असताना हाती आलेला चेंडू त्याने स्वतःपाशी ठेवला नाही. ज्याला त्याची गरज होती, त्याच्याकडे तो दिला. संकटातून हाती आलेले कटू ज्ञानही त्याने तसेच लपवून न ठेवता इतरांच्या हाती दिले. त्या ज्ञानाने किती जीव वाचले, याची नोंद कोणत्याही गुणफलकावर सापडणार नाही. परंतु त्याच्या हजारो पासांत हा पास सर्वांत मोलाचा होता, यात शंका नाही.